अर्ध्या फेऱ्याचं इंजिन

खडकी बाजाराच्या मागे, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर उत्तरेश्वर भांगे राहतात. सात मिनिटं हे त्यांचं माप. त्यांच्या मंडळी मैनाबाई म्हणतात, बारा लागतात. पण भांगे चौतीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते, आणि फिटर माणूस मापाच्या बाबतीत माघार घेत नाही. धाप लागली तरी चालेल, सात म्हणजे सात.

बार्शीकडच्या एका खेड्यातून ते आय.टी.आय. करायला पुण्यात आले आणि इथलेच झाले. ज्या कारखान्यात उमेद गेली तो पुढे बंद पडला. तिथे आता बावीस मजली इमारत आहे आणि तिच्या फलकावर 'शांत जीवनशैली' असं लिहिलंय. या जागेवर शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागायचं, इतके पत्रा कापायचे प्रेस धडधडायचे, हे भांगे जाता-येता तिथल्या वॉचमनला सांगतात. वॉचमनला त्याचं सोयरसुतक नाही.

काम सुटल्यावर माणसं देवधर्माला लागतात, भांगे दुरुस्तीला लागले. बाल्कनीत जिथे वॉशिंग मशीन यायचं होतं तिथे व्हाइस बसला, म्हणजे काम घट्ट धरायचा लोखंडी शिकंजा. मैनाबाई अजून हातानेच कपडे धुतात आणि प्रत्येक पिळ्याला त्या व्हाइसचा उद्धार करतात. बिल्डिंगमधले मिक्सर, कुकर, शिलाई मशीनं, जे बिघडलंय ते भांग्यांकडे येतं. जे बिघडलेलं नाही त्याच्याकडे भांगे स्वतः जातात.

सोसायटीच्या गेटचंच घ्या. वीस वर्षं ते करकरत होतं आणि कुणाची काही तक्रार नव्हती. एका दुपारी भांग्यांनी बिजागऱ्या उतरवल्या, घासल्या, ग्रीस भरलं, गेट बोटाने ढकललं तरी उघडायला लागलं. आठ दिवसांत दोन सायकली चोरीला गेल्या. म्हातारा वॉचमन खुर्चीत डुलक्या काढायचा तो त्या करकरीच्या भरवशावर, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. सभेत रीतसर ठराव झाला, की श्री. भांगे यांनी यापुढे सार्वजनिक मालमत्तेस हात लावण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी. त्या ठरावाची झेरॉक्स भांग्यांनी जपून ठेवलीय. पाहुणे आले की चहाबरोबर दाखवतात आणि पाहुण्यांच्या आधी आपण हसतात. "सर्टिफिकेट हाय," म्हणतात. "टूलरूमनं सुद्धा दिलं नव्हतं."

आता अशा माणसाच्या हातात जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचं इंजिन द्यायचं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पण ते दिलं गेलं. देणारीचं नाव शेफाली.

ज्येष्ठ नागरिक संघाची एक सहल पेठेतल्या एका ट्रस्टच्या यंत्रसंग्रहालयात गेली होती. तीन खोल्या, दोन पंखे, एक चौकीदार. बाकीचे ज्येष्ठ नागरिक पंख्याखाली बसले. भांगे एका जुन्या लेथसमोर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रासमोर, उभे राहिले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. लेथच्या पुढ्यात पाटी होती: 'ड्रिलिंग मशीन'.

"ही पाटी कुणी लिहिली?"

"मी," टेबलामागची मुलगी म्हणाली.

"बरं झालं इथे खरं ड्रिलिंग मशीन नाही. नाहीतर त्याला गिरणी म्हणाला असता."

दुसरी कुणी असती तर तिने कपाळाला हात लावला असता. शेफाली खो खो हसली, पाटी उलटी केली आणि म्हणाली, "काका, प्लीज, नंबर देऊन जा." ती इतिहासात एम.ए., वय अठ्ठावीस, संग्रहालयाची एकुलती एक कर्मचारी, तीही सहा-सहा महिन्यांच्या करारावर. इतिहासाचं तिला सगळं कळायचं, पण यंत्राची कुठली बाजू पुढची ते कळायचं नाही. त्या दिवसापासून भांगे दर बुधवारी जायला लागले. फुकट. वर वडापाव आपल्या खिशातून.

चार महिन्यांनी एका जुन्या घराण्याने माळ्यावरची पत्र्याची पेटी संग्रहालयाला दिली. तिच्यात मऊ चिंध्यांत गुंडाळलेलं पितळी इंजिन होतं, वीतभर उंच. अंगठ्याएवढा सिलिंडर, बशीएवढं चाक, खाली शिसवी पाट. ते करणारे गोपाळकृष्ण सबनीस हे कालव्यावर ओव्हरसियर होते. वाफेच्या इंजिनाचा काहीतरी नवा प्रयोग त्यांनी केला, त्याचं पेटंट मिळावं म्हणून कलकत्त्याला अर्ज केला आणि कल्पना नीट कळावी म्हणून सोबत हा चालता नमुना बनवून धाडला. तो परत आला. पाटाला बांधलेल्या चिठ्ठीवर साहेबाचा इंग्रजी शेरा होता, त्याचा अर्थ इतकाच, की नमुना परत, इंजिन चालत नाही. पेटीत सबनीसांच्या हातचा चार पानी मोडी कागदही होता. मोडी शेफालीला येत नव्हती, तिने तो वाचायला एका जाणकारांकडे पाठवला.

"काका, नीट ऐका," तिने नमुना भांग्यांच्या पुढ्यात ठेवला. "ट्रस्टचे विश्वजीत सर पुढच्या सोमवारी इन्स्पेक्शनला येतायत. हे चकचकीत दिसलं पाहिजे. माझ्या परमनंटचं त्यांच्याच हातात आहे. तुम्ही फक्त क्लीन करायचं. फक्त. प्रॉमिस?"

"प्रॉमिस कशाला? शब्द दिला."

संग्रहालयात ना व्हाइस ना उजेड, म्हणून तिने नमुना घरी न्यायला दिला. फॉर्मवर 'कामाचे स्वरूप' या रकान्यात लिहिलं, 'केवळ स्वच्छता', आणि खाली सही केली. वस्तू बाहेर द्यायची परवानगी तिला खरं तर नव्हती. पण काकांवर तिचा विश्वास होता. गेटचा ठराव तिने वाचला नव्हता.

दोन दिवस भांगे शब्दाला जागले. रॉकेल, मऊ फडकं, जुना टूथब्रश, बस्स. हिरवा गंज सुटत गेला तसतसं त्या कामाचं देखणेपण दिसायला लागलं आणि भांगे हरखले. एकेक कड कानशीने काढलेली, हाताने, आणि कुठे केसाचा फरक नाही. "च्यायला, काय हात होता!" ते मैनाबाईंना चार वेळा म्हणाले. मैनाबाई चारही वेळा "हां" म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, जरा हवा भरून बघू. बघायला काय जातं? पायपंपाची नळी सिलिंडरला लावली आणि पाय दिला. चाक गरकन फिरलं, अर्धा फेरा झाला, फुस्स आवाज आला आणि चाक थांबलं. पुन्हा पाय दिला. पुन्हा अर्धा फेरा, फुस्स, थांबलं. दहा वेळा केलं, दहाही वेळा चाक त्याच जागी येऊन ढिम्म उभं.

झालं! भांग्यांची दुपारची झोप उडाली. डोळ्यावर भिंग लावून त्यांनी शोधलं. सिलिंडरच्या कुशीत, जिथे असायचं काही कारण नाही अशा ठिकाणी, ज्वारीच्या दाण्याएवढं एक भोक होतं. दट्ट्या तिथवर आला की सगळी हवा तिथून पळत होती. जवळच कसल्यातरी दांडीचं तुटकं टोक होतं, ते त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. चूक सापडली होती! दीडशे वर्षं कुणाला सापडली नाही ती उत्तरेश्वर भांगे यांना खडकीत, बाल्कनीत, पावणेतीन वाजता सापडली होती.

त्यांना त्या ओव्हरसियरची मनापासून दया आली. एवढा हुशार माणूस, एवढी मेहनत, आणि कुठल्यातरी धांदरट कारागिराने चुकीच्या जागी भोक पाडून वाट लावली. बिचाऱ्याला चांगला फिटर भेटला नाही. आपण असतो तर? आणि मग, आपण तर आहोतच की! शब्द दिला होता तो आठवला. पण भांग्यांनी स्वतःची समजूत घातली, की चुकीचं भोक म्हणजे एका परीने घाणच. घाण काढायचं तर कबूल केलंय.

असले युक्तिवाद भांग्यांना फार सुचतात. मंडईत वांगी घेताना एकही सुचत नाही.

भोक वेडंवाकडं होतं, त्यात बूच नीट बसेना. म्हणून रीमरने ते आतून खरवडून गोल केलं. पितळेच्या सळईची खुंटी कानशीने घासून तंतोतंत केली, ठोकली, वरून सपाट केली आणि अशी पॉलिश केली, की आता ब्रह्मदेव आला तरी सांधा सापडू नये. मग पंपावर पाय दिला.

चाक फिरलं. अर्धा फेरा, एक, दोन, दहा. थांबेचना! बशीएवढं ते चाक घूं घूं करत फिरत राहिलं आणि भांग्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगा, आलं. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो डाय केल्या, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, त्यातून कुणाच्या गाडीचे, कुणाच्या पंख्याचे पत्रे निघाले, कुठल्या पत्र्यावर कधी त्यांचं नाव आलं नाही. हे एक काम असं, की जे ओव्हरसियरला जमलं नाही, कलकत्त्याला जमलं नाही.

"चाललं व्हय?" मैनाबाई दारात येऊन म्हणाल्या. "आता माझं वॉशिंग मशीन बी चालवा म्हणजे झालं."

भांग्यांनी व्हिडिओ काढला आणि शेफालीला पाठवला. मिनिटाभरात फोन.

"काका! ओ माय गॉड! ते चालतंय! नुसतं क्लीन करून?"

इथे खरं बोलायला एक सेकंद मिळाला होता. भांगे म्हणाले, "घाण लई होती."

तिने व्हिडिओ विश्वजीत सरांना पाठवला. सर एरवी निरोपाला निळी टिकसुद्धा लागू न देणारे. त्यांनी स्वतः फोन केला. कलकत्त्याने नाकारलेलं पुण्याचं इंजिन दीडशे वर्षांनी धावलं, म्हणजे संग्रहालयाचं भाग्यच उजळलं, असं म्हणाले. मोठा फलक करा म्हणाले. फलकावर भांग्यांचं नाव घाला म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "सोमवारी येताना तुमचं कायम नेमणुकीचं पत्र घेऊनच येतो." हे सगळं शेफालीने भांग्यांना फोनवर दोनदा सांगितलं. तिचं लग्न, बहिणीचं कॉलेज, भाड्याची खोली, सगळं त्या एका पत्रापाशी येऊन अडलं होतं, हे भांग्यांना ठाऊक होतं. त्यांची छाती इतकी फुगली, की शर्टाचं बटण तेवढं तुटायचं राहिलं.

शुक्रवारी ते नमुना पोचवायला संग्रहालयात गेले. शेफालीने चहा मागवला आणि एक छापील कागद पुढे केला.

"मोडीचं वाचन आलं. शेवटचा पॅरा मला झेपत नाहीये, काहीतरी टेक्निकल आहे. बघा ना."

भांग्यांनी चष्मा लावला. ओव्हरसियर सबनीस लिहीत होते: 'मौजे मांजरी येथील गुऱ्हाळी वाफेचा चरक आम्हीच मांडिला. त्यात ऊस घालीत असता यमुनाबाई नामे बाईचा उजवा हात कोपरापावेतो गेला. यंत्रास थांबणे ठाऊक नव्हते. तो समय आम्ही डोळ्यांनी पाहिला, तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. सबब हे यंत्र असे योजिले आहे की अर्धा फेरा होताच वाफ बाजूच्या छिद्रातून निघोन जावी व चाक स्वस्थ राहावे. माणसाने हात काढोन घेऊन दांडी दाबिली, छिद्र झाकिले, तरच पुढील अर्धा फेरा व्हावा. यंत्र चालत नाही असे कोणी म्हणेल, तरी ते थांबते हाच त्याचा गुण जाणावा.'

भांग्यांनी ते एकदा वाचलं आणि कप खाली ठेवला.

भोक चुकीचं नव्हतं. भोक हेच पेटंट होतं. बाकीचं इंजिन त्या भोकासाठी होतं. कलकत्त्याच्या साहेबाला ते कळलं नाही, ठीक आहे, तो साहेब. पण ज्याच्या हातांना कळायला हवं होतं, त्या फिटरच्या हातात ते दीडशे वर्षांनी पडलं आणि त्याने ते पॉलिश मारून बुजवलं. वा, भांगे मास्तर, वा!

आणि त्यांची नजर आपल्या डाव्या हातावर गेली. त्या हाताची दोन बोटं पेरापाशी संपतात. एक्क्याण्णव सालची गोष्ट. डाय तयार झाली की प्रेसवर लावून तपासायची. प्रेसला दोन बटणं असायची, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा, म्हणजे हात आपोआप बाहेर. पण त्यात वेळ जातो. म्हणून टूलरूमचे सगळे शहाणे एका बटणात लाकडाची चिपाटी खुपसून ठेवायचे आणि एका हाताने पत्रा सरकवायचे. भांगे त्यातले अव्वल. बोटं गेल्यावर चौकशी झाली तेव्हा त्यांनी चिपाटीचं नाव घेतलं नाही. बटण आपोआप अडकलं, मशीनचा दोष, असं लिहून दिलं. मेंटेनन्सला शंभू म्हणून एक मुलखाचा गरीब माणूस होता, त्याची बढती त्या कागदावर अडली ती अडलीच. तो भेटला की भांगे रस्ता बदलत. दहा वर्षांपूर्वी तो वारला, तेव्हापासून रस्ता बदलावा लागत नाही.

"काका, काय म्हणायचंय त्यांना?" शेफालीने विचारलं.

"जुनी भाषा आहे," भांगे म्हणाले. "सोमवारनंतर बघू." आणि वडापाव न खाताच घरी आले.

दोन दिवस त्यांनी डोकं चालवलं. खुंटी गुपचूप काढावी, तर सोमवारी इंजिन थांबणार आणि पोरीची साहेबापुढे शोभा होणार. खुंटी राहू द्यावी, तर सगळ्यांचं कल्याण. शेफालीला पत्र, संग्रहालयाला नाव, भांग्यांना फलक. सबनीस तर काही उठून येत नाहीत. यमुनाबाईचं तर कुणीच नाही विचारायला. सरळ हिशेब होता. तो इतका सरळ होता, की भांग्यांना जेवण जाईना.

रविवारी दुपारी मैनाबाईंनी ताट पुढून ओढून घेतलं. "अवो, काय झालंय ते सांगा, न्हाईतर गिळा तरी."

भांग्यांनी सगळं सांगितलं. मैनाबाई ऐकत राहिल्या. एक्क्याण्णव साली सहा आठवडे त्यांनीच त्या बोटांचं ड्रेसिंग केलं होतं, आणि चिपाटीची गोष्ट त्यांना तेव्हापासून ठाऊक होती.

"पोरीचं पत्र जाईल गं," भांगे म्हणाले.

"जाईल," मैनाबाई म्हणाल्या. "त्या शंभूचं बी गेलं. तवा तुमी म्हणाला, पोटापाण्याचा सवाल हाय. मी गप बसले. आता कुणाच्या पोटाचं नाव घेऊन गप बसणार हाय तुमी? त्या पोरीच्या? तिला इचारलं का?"

भांग्यांनी विचारलं नव्हतं. विचारायचं धैर्यच झालं नाही, हे त्यांनी मैनाबाईंपाशी कबूल केलं. त्या म्हणाल्या, "मग उद्या माझ्यादेखत न्हाई, त्या साहेबादेखत रडा."

सोमवारी अकराला विश्वजीत सर आले. पांढरा शर्ट, चामड्याची बॅग, बोलणं मोजून. फलक भिंतीला टेकवून ठेवला होता, त्यावर भांग्यांचं नाव सबनीसांच्या नावाखाली दोन बोटं. शेफाली नवी साडी नेसली होती. भांगे पाय ओढत टेबलापाशी गेले. त्यांनी पिशवीतून पायपंप काढला, आणि मग एक छोटी हातोडी आणि एक बारीक सुंभा, म्हणजे ठोकायची लोखंडी कांडी.

"हे कशाला?" सरांनी विचारलं.

"साहेब, हे इंजिन चालतंय ते मी बिघडवलंय म्हणून."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "बिघडवल्यामुळे चालतंय?"

"हो."

"आपण पुण्यात किती वर्षं आहात?"

"पंचेचाळीस झाली."

"तरीच. बोलणं इथलं उचललंत. आता जरा सरळ सांगा."

भांग्यांनी सरळ सांगितलं. भोक, रीमर, खुंटी, पॉलिश, 'घाण लई होती'पर्यंत सगळं. आपण काहीतरी थोर करतोय असं वाटलं होतं, हेही. शेफालीकडे बघायची त्यांची छाती झाली नाही. बोलता बोलता पुण्याची भाषा गळून पडली आणि गावची आली. "ह्या पोरीनं फकस्त पुसायला दिलं हुतं साहेब. शहाणपण माझं हाय. तिचा काय बी दोष न्हाई."

भांग्यांनी खुंटीवर सुंभा धरला, दोन हलके ठोके देऊन ती आत ढकलली, पाट कलता केला आणि नळी लावायच्या तोंडातून ती पितळी खुंटी टपकन फडक्यावर पडली. मग नळी जोडून पंपावर पाय दिला. अर्धा फेरा. फुस्स. चाक थांबलं.

"शेफाली," ते खालमानेने म्हणाले, "दांडी तुटलीय, तिच्या जागी तुझं बोट ठेव त्या भोकावर. झाक."

तिने बोट ठेवलं. भांग्यांनी पाय दिला, चाक गरकन निघालं आणि पुढे गेलं. तिने बोट काढलं तशी हवा निसटली, चाक थांबलं. पुन्हा झाकलं, निघालं. काढलं, थांबलं. तिचा रागाने लाल झालेला चेहरा हळूहळू बदलला. तिने टेबलावरून मोडीचं वाचन ओढलं आणि मोठ्याने वाचलं. 'यंत्रास थांबणे ठाऊक नव्हते' ही ओळ तिने परत वाचली. विश्वजीत सर उठले, वाकले आणि स्वतःचं बोट त्या भोकावर ठेवून त्यांनी ते चार वेळा करून पाहिलं.

"भोक पूर्वीसारखं झालं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. रीमरनं मोठं झालंय. आतली मूळची कड गेली. ती आता कुणालाच आणता येत न्हाई."

सर परत खुर्चीत बसले. बॅगेतलं पाकीट त्यांनी बाहेर काढलं होतं, ते परत आत ठेवलं. "फॉर्मवर 'केवळ स्वच्छता' लिहून सही तुमची आहे," ते शेफालीला म्हणाले. "आणि वस्तू बाहेर तुम्ही दिलीत. यांनी कितीही अंगावर ओढून घेतलं तरी तेवढं तुमचं. करार सहा महिने वाढवतो. पत्राचं मग बघू." ते वाईट माणूस नव्हते, म्हणून तर ते जास्त लागलं. फलकावर भांग्यांच्या नावाचं काय करायचं असं त्यांनी विचारलं, तेव्हा भांगे म्हणाले, "राहू द्या. फकस्त काय केलं ते खरं लिहा."

शेफाली त्यांना दारापर्यंत सोडायला आली. डोळे भरले होते.

"मला तुमचा प्रचंड राग आलाय, काका."

"येऊ दे. येणारच."

"शुक्रवारी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत? मी काय केलं असतं ते मला ठरवू द्यायचं होतं ना!"

भांगे म्हणाले, "चुकलं, पोरी." चौतीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द त्यांनी कधी वापरला नव्हता, त्यामुळे तो जरा गंजलेलाच निघाला.

तीन बुधवार ते गेले नाहीत. चौथ्या बुधवारी फोन आला. "काका, लोक येतायत. पेपरमध्ये छोटं आलंय. ते चाक का थांबतं हे मला नीट सांगता येत नाही. तुम्ही या." मग म्हणाली, "राग आहेच. पण या."

आता दर शनिवारी-रविवारी भांगे त्या काचपेटीशेजारी उभे असतात. हात पाठीमागे बांधून, कारण वस्तूंना स्पर्श करण्यास त्यांना ट्रस्टची लेखी मनाई आहे. दांडीच्या जागी आता एक लाकडी पट्टी बसवलीय, ती शेफाली दाबते, पंपावर पाय तेवढा भांगे देतात. तिचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. काय होईल ते कुणालाच माहीत नाही, आणि भांग्यांना त्या तारखेची आठवण सकाळी उठल्याबरोबर येते.

परवा एक सदाशिव पेठी गृहस्थ आले. चाक अर्धं फिरून थांबलेलं त्यांनी पाहिलं, "बंदच आहे की," असं पुटपुटले आणि मग फलक वाचायला लागले. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. फलकावर शेवटी लिहिलंय, की मूळ छिद्र उत्तरेश्वर भांगे, फिटर, खडकी यांनी चूक समजून बुजवले, त्यामुळे त्याची मूळ कड कायमची नष्ट झाली.

"कमाल आहे!" गृहस्थ म्हणाले. "अहो, या भांग्याला कुणीतरी समोर उभं करून विचारायला हवं होतं, की बाबा रे, तुला कुणी सांगितलं होतं?"

"विचारा," भांगे म्हणाले. "मीच तो. पण आधी यमुनाबाईचं ऐकून घ्या."